लॅब ट्रेनिंगला निघालेल्यांचे तेच ते प्रश्न, एकदाच सगळे एका जागी

मेडिकल लॅबचं ट्रेनिंग संपवून बेंचवर, म्हणजे लॅबच्या रोजच्या कामाला, लागले त्याला फार दिवस नाही झाले, पण ज्युनियर पोरापोरींचे मेसेज येतात ते फिरून फिरून तेच, म्हणून एकदाच बसून लिहून काढलंय. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत, थोडं शुद्धलेखन सोडलं तर. सोप्यापासून सुरू करून पुढे त्रासदायक प्रश्नांकडे गेलेय. जिथे दोन उत्तरं एकमेकांत घुसतात तिथे "अमुक नंबर बघा" असं लिहिलंय, तेच दोनदा टाईप करायचा मला कंटाळा.

१. ताई, लॅबमध्ये नक्की काम काय असतं? दिवसभर मायक्रोस्कोपमध्ये बघत बसायचं का?

नाही हो. मायक्रोस्कोप असतोच, पण दिवसाचा मोठा भाग सॅम्पल हातात घेणं, लेबल बघणं, सेंट्रिफ्यूजला लावणं, मशीनवर चढवणं, क्यूसी (क्वालिटी कंट्रोल, मशीन बरोबर मोजतंय का याची तपासणी) बघणं आणि फोन उचलणं यात जातो. हिमॅटॉलॉजी (रक्तपेशी), बायोकेमिस्ट्री (रक्तातली रसायनं), मायक्रोबायोलॉजी (जंतू), ब्लड बँक, सिरॉलॉजी (अँटिबॉडीच्या टेस्ट), क्लिनिकल पॅथॉलॉजी म्हणजे लघवी-शौच वगैरे, काही ठिकाणी हिस्टोपॅथ (टिश्यूचे काप) आणि पीसीआर, अशा पोस्टिंग फिरून होतात आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही परत पहिल्या दिवसाचे नवखे असता. हे आधी कोणी सांगत नाही. एका बेंचवर जरा हात बसला की उचलून दुसरीकडे टाकतात.

२. टेक्नॉलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट एकच ना?

नाही. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर असतो, निदानाचं मत तो देतो. टेस्ट करणं, ती बरोबर झालीये याची खात्री करणं हे टेक्नॉलॉजिस्टचं काम. नातेवाईकांना हा फरक समजावण्यात आयुष्य जातं, नाद सोडा.

३. माझं गणित कच्चं आहे, जमेल का?

जमेल, कारण लागतं ते गणित शाळेतलंच असतं, फक्त ते झोप आलेली असताना न चुकता करायचं असतं. डायल्युशन (किती पातळ केलं ते) आणि युनिट, एवढ्या दोन गोष्टींवर बहुतेक सगळं चालतं. उदाहरण घ्या, न्यूबाउर चेंबरवर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) पांढऱ्या पेशी मोजायच्या, रक्त १ ला २० डायल्यूट केलंय, चार कोपऱ्यांचे चौकोन मोजले, १६० पेशी आल्या, तर गुणिले ५०, म्हणजे ८,०००. हे ५० कुठून आलं ते पाठ करू नका, एकदा कागदावर सोडवून बघा: चार चौकोनांचं मिळून आकारमान ०.४ घन मिलिमीटर, आणि २० भागिले ०.४ म्हणजे ५०. एकदा स्वतः काढलं की डायल्युशन बदलून विचारलं तरी व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, तत-पप होत नाही.

४. मला रक्त बघून चक्कर येते, मी हे क्षेत्र निवडावं का?

आधी हे बघा की चक्कर रक्त बघून येते की सुई आत जाताना बघून, दोन्ही वेगळं आहे. ट्यूबमधल्या रक्ताची सवय बहुतेकांना एक-दोन आठवड्यांत होते. आमच्या बॅचमधला एक जण पहिल्या दिवशी सरळ भिंतीला टेकून खाली बसला होता, तोच आता ब्लड बँकेत आहे. डोळ्यापुढे अंधारी, घाम, कानात गुंऽ असं व्हायला लागलं की हिरोगिरी न करता खाली बसा, डोकं खाली घाला, पडून डोकं आपटण्यापेक्षा ते बरं. हे नाडी आणि रक्तदाब एकदम उतरल्यामुळे होतं, भित्रेपणाशी त्याचा संबंध नाही. सकाळी उपाशीपोटी पोस्टिंगला जाऊ नका, एवढ्यानेच निम्मा त्रास जातो.

५. पहिल्यांदा पेशंटचं रक्त काढायचंय, हात थरथरतात, काय करू?

थरथरू देत, सगळ्यांचे थरथरतात. माझ्या पहिल्या पेशंट एक आजी होत्या, त्यांनी माझा हात बघितला आणि म्हणाल्या, "पोरी, तू आधी बस." मी खरंच बसले.

कामाचं सांगते. डोळ्यांनी व्हेन (शीर) शोधू नका, बोटाने शोधा. निळी दिसणारी बारीक रेघ फसवते, बोटाखाली दाबल्यावर स्प्रिंगसारखी परत वर येते ती खरी. टुर्निकेट (दंडाला आवळायचा पट्टा) बांधून एक मिनिटाच्या वर ठेवायचं नाही, व्हेन सापडली नाही तर सोडा, थोडं थांबा, परत बांधा, कारण जास्त वेळ आवळून ठेवलं की रक्त तिथे दाट होतं आणि प्रोटीन, कॅल्शियम असले रिझल्ट उगाच वाढतात. पेशंटला मूठ उघड-मीट करायला सांगू नका, पोटॅशियम वाढतं. सुई घालण्याआधी दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खालची कातडी ताणून धरायची, म्हाताऱ्या माणसांची व्हेन पळते ती याच्याशिवाय थांबत नाही. सुई काढायच्या आधी टुर्निकेट सोडायचं, मग सुई, मग कापूस. हा क्रम उलटा झाला की हात काळानिळा पडतो आणि पेशंट तुम्हाला जन्मभर लक्षात ठेवतो.

आणि दोनदा जमलं नाही तर तिसऱ्यांदा स्वतः टोचायचं नाही, सीनियरला बोलवायचं. यात लाज नाही.

६. ट्यूबचे रंग आणि क्रम पाठच होत नाही, एवढा बाऊ कशाला करतात?

क्रम आधी सांगते: ब्लड कल्चर, मग निळी म्हणजे सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी म्हणजे सीरमची (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी), मग हिरवी हेपॅरिन, मग जांभळी ईडीटीए, शेवटी करडी फ्लुओराइड. बाऊ का, तर एका ट्यूबमधलं औषध सुईला लागून पुढच्या ट्यूबमध्ये जाऊ शकतं म्हणून.

मला हा क्रम पुस्तकातून नाही, मार खाऊन पाठ झाला. लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं होतं, जांभळीत भरपूर होतं, पेशंटला परत टोचायला नको म्हणून मी जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं, आणि मनात स्वतःची पाठही थोपटली की बघ किती काळजी आहे आपल्याला पेशंटची. तासाभराने बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमनी बोलावलं. स्क्रीनवर पोटॅशियम १४ च्या वर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मॅडम ओरडल्या नाहीत, एवढंच विचारलं, "हा पेशंट जिवंत आहे का?" पेशंट बाहेर बाकावर बसून मोबाईल बघत होता. खरंच तेवढं पोटॅशियम असतं तर हृदय कधीच बंद पडलं असतं. ट्यूबमधलं ईडीटीए हे पोटॅशियमचं मीठ असतं, म्हणून पोटॅशियम वाढलं, आणि ईडीटीएचं कामच कॅल्शियम पकडून रक्त गोठू न देणं, म्हणून कॅल्शियम गायब. मग मी बाहेर जाऊन त्या माणसाची माफी मागून परत टोचलं, म्हणजे जे टाळायचं होतं तेच झालं.

बाकी दोन गोष्टी: निळी ट्यूब खुणेपर्यंत पूर्ण भरलीच पाहिजे, नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण बिघडलं की पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेच्या टेस्ट) खोटं लांबतं. आणि ट्यूब हलवायची म्हणजे हळू उलटी-सुलटी करायची, जांभळी आठ-दहा वेळा, निळी तीन-चार वेळा. शेक नाही करायचं, सरबत नाहीये ते.

७. सॅम्पल रिजेक्ट केलं की वॉर्डमधून फोनवर ओरडतात, स्टुडंटने काय करायचं?

तुम्ही वाद घालायचा नाही, सीनियरला फोन द्यायचा. पण रिजेक्ट का केलं ते तुम्हाला सांगता आलं पाहिजे. लेबल नाही किंवा नाव जुळत नाही, चुकीची ट्यूब, गोठलेलं ईडीटीए सॅम्पल, निळी अर्धवट भरलेली, आणि हिमोलिसिस. हिमोलिसिस म्हणजे लाल पेशी फुटून सीरम गुलाबी-लाल होतं, पेशींच्या आतलं पोटॅशियम आणि एलडीएच, एएसटी ही एन्झाइम्स बाहेर येतात, मग रिपोर्ट पेशंटचा राहत नाही, आपल्या सिरिंजचा होतो. बारीक सुईतून जोरात ओढलं, सिरिंजमधून दाबून ट्यूबमध्ये मारलं, कातडीवरचं स्पिरिट वाळू दिलं नाही, ही नेहमीची कारणं.

लेबल नसलेल्या सॅम्पलवर "मला माहितीये ते कोणाचं आहे" म्हणून नंतर नाव चिकटवायला कोणी सांगितलं तर करू नका. कोणीही सांगितलं तरी. ब्लड बँकेच्या सॅम्पलला तर अजिबात नाही, तिथे नावाची चूक म्हणजे चुकीच्या गटाचं रक्त चढू शकतं.

८. रोज सकाळी तीच क्यूसीची बाटली, तेच आकडे, हे कशाला?

मलाही आधी हे टाईमपास वाटायचं. कंट्रोलची, म्हणजे त्या बाटलीतल्या सॅम्पलची, किंमत किती यायला हवी ते आपल्याला माहीत असतं, म्हणून मशीन खोटं बोलतंय का ते त्यावरून कळतं. रोजचा आकडा लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर टाकायचा, ही पद्धत १९५० ची आहे आणि अजून चालू आहे. दोन एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशन, आकडे सरासरीपासून साधारण किती पांगतात त्याचं माप) बाहेर एखादा ठिपका गेला तर लगेच घाबरायचं नाही, सगळं ठीक असतानाही वीसात एखादा जातोच, म्हणून वेस्टगार्डच्या नियमांत (क्यूसीचा आकडा मानायचा की नाही ते ठरवणारे नियम) ती फक्त सूचना. तीन एसडीच्या बाहेर गेला, किंवा लागोपाठ दोन ठिपके एकाच बाजूला दोन एसडीच्या पलीकडे, तर थांबायचं, पेशंटचे रिझल्ट सोडायचे नाहीत. लागोपाठ दहा ठिपके सरासरीच्या एकाच बाजूला दिसले तर काहीतरी हळूहळू सरकतंय, रिएजंटचा (टेस्टच्या रसायनाचा) नवा लॉट, मशीनचा जुना दिवा, असलं काही.

ट्रेनिंगमध्ये एक वाईट सवय डोळ्यासमोर दिसेल: क्यूसी बाहेर आलं की परत लावायचं, परत लावायचं, आत येईपर्यंत. चार वेळा लावल्यावर एकदा आत येणारच की. त्याला क्यूसी नाही म्हणत. आधी कारण शोधायचं, मग परत लावायचं.

९. सगळ्यात अवघड पोस्टिंग कुठली?

माझ्यासाठी मायक्रोबायोलॉजी, कारण तिथे घाई चालत नाही आणि मला घाई आहे. आज प्लेटवर रेघा ओढल्या की उद्याच दिसणार, १८ ते २४ तास. लूप (जंतू उचलायची तारेची कडी) लाल होईपर्यंत तापवायचा आणि मग थंड व्हायची वाट बघायची, मी पहिला आठवडाभर गरम लूप सॅम्पलमध्ये घालायचे, चर्र आवाज यायचा, जंतू तिथेच भाजून निघायचे आणि दुसऱ्या दिवशी प्लेट कोरी. मी आनंदाने "नो ग्रोथ" लिहायला निघालेले!

ग्रॅम स्टेनमध्येही (रंग देऊन जंतूंचे दोन गट ओळखायची पद्धत) तसंच. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, मग अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोनने रंग उतरवायचा, मग सॅफ्रनिन. हान्स क्रिस्टियन ग्रॅमने १८८४ मध्ये मांडलेली पद्धत, आणि आजही सगळा खेळ त्या रंग उतरवण्याच्या काही सेकंदांवर. जास्त वेळ ठेवलं की जांभळे ग्रॅम पॉझिटिव्ह गुलाबी दिसतात आणि रिपोर्ट उलटा होतो. म्हणून ओळखीच्या दोन जंतूंची स्लाईड शेजारी लावायची, तीच इथली क्यूसी. आणि प्लेटचा वास घेऊन जंतू ओळखणारे जुने लोक भेटतील, द्राक्षासारखा वास म्हणजे सुडोमोनास वगैरे, ऐकायला मजा येते पण तुम्ही नाक घालू नका, काय उडून आत जाईल सांगता येत नाही.

ब्लड बँक अवघड नाही, पण छातीत धडधड होते. काम फार साधं दिसतं: पेशींवरून गट आणि सीरमवरून गट, दोन्ही जुळले पाहिजेत, नाही जुळले तर गट सांगायचा नाही. १९०१ मध्ये लँडस्टायनरने स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त एकमेकांत मिसळून हे गट मांडले, त्याच्याकडे तेव्हा ए, बी आणि सी असे तीनच होते, त्या सीला पुढे ओ म्हणायला लागले. व्हायवात विचारतात. आणि नवजात बाळाचं सीरमवरून गट करणं का सोडतात हेही विचारतात: बाळाच्या स्वतःच्या अँटिबॉडी तयार झालेल्या नसतात, असतात त्या आईकडून आलेल्या.

१०. माझा स्मिअर नेहमी जाड होतो किंवा मध्येच तुटतो.

स्मिअर म्हणजे स्लाईडवर पसरलेला रक्ताचा पातळ थर. थेंब मोठा घेताय. टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठा पुरे. स्प्रेडर स्लाईड ३० ते ४५ अंशात धरून थेंबाला मागे टेकवायची, थेंब कडेने पसरू द्यायचा, मग एका दमात पुढे. मध्ये विचार केला की तिथे पट्टा पडतो. रक्त पातळ असेल, अ‍ॅनिमियाचं, तर कोन वाढवा, दाट असेल तर कमी करा. चांगला स्मिअर शेवटी जिभेसारखा निमुळता होतो आणि उजेडात धरला की टोकाला इंद्रधनुष्यासारखी झाक दिसते. माझे पहिले साठ-सत्तर तरी कचऱ्यात गेले असतील.

११. मशीनने आकडा दिला म्हणजे तो बरोबरच ना?

नाही, आणि मला विचाराल तर ट्रेनिंगमध्ये शिकायचं ते मुख्य हेच आहे. आधी ट्यूब बघायची, मग आकडा.

साधी पडताळणी: हिमोग्लोबिन गुणिले तीन म्हणजे साधारण हिमॅटोक्रिट (रक्तात लाल पेशींचा टक्का). १४ असेल तर ४२ च्या आसपास. जुळत नसेल तर एकतर पेशी खरंच वेगळ्या आहेत, लोह कमी असलेल्यांत होतं तसं, नाहीतर सॅम्पलमध्ये गडबड. प्लाझ्मा दुधासारखा पांढरा असेल तर चरबीच्या गढूळपणामुळे मशीन हिमोग्लोबिन जास्त वाचतं. एमसीएचसी (लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे ते) अशक्य वाटावं इतकं वर आणि लाल पेशींचा आकडा खाली असेल तर थंडीत पेशी एकमेकींना चिकटल्यात का बघायचं, ट्यूब ३७ अंशाला ठेवून परत लावायची.

आणि सगळ्यांचा लाडका प्रकार: प्लेटलेट १८,०००. वॉर्डमध्ये धावपळ, पेशंटला ना कुठे रक्तस्राव ना डाग. स्मिअरच्या कडेला बघितलं तर प्लेटलेटचे घोसच्या घोस. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये चिकटतात, मशीन त्या घोसांना प्लेटलेट म्हणून मोजत नाही. मग सायट्रेटमध्ये परत सॅम्पल घ्यायचं आणि आलेला आकडा १.१ ने गुणायचा, सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं म्हणून. हा पहिल्यांदा स्वतः पकडला त्या दिवशी मी घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं, कोणाला काही कळलं नाही, तरी सांगितलं.

१२. सुई टोचली तर काय? खरं सांगा, किती धोका असतो?

लगेच साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. मग लगेच, म्हणजे शिफ्ट संपल्यावर नाही, इनचार्जला सांगा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यावर लागण होण्याचा धोका साधारण ०.३ टक्के, म्हणजे तीनशेत एक, आणि औषध जितकं लवकर तितकं चांगलं, जास्तीत जास्त ७२ तासांच्या आत. हिपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्याला कितीतरी जास्त, ६ ते ३० टक्के, म्हणून पोस्टिंग सुरू व्हायच्या आधी लस घ्या: तीन डोस, ०, १ आणि ६ महिने, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण) बघायचा, १० च्या वर पाहिजे. सुईला परत टोपण लावायचं नाही, दोन हातांनी तर कधीच नाही.

"बोलणी बसतील म्हणून सांगितलं नाही" असं मला तिघांनी तरी लिहिलंय. बोलणी बसू देत.

१३. मला लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. प्रवेश मिळाला तरी अडचण येईल का?

काही ठिकाणी येईल. झील-नील्सनमध्ये (टीबीचे जंतू शोधायचा स्टेन) निळ्यावर बारीक लाल काड्या शोधायच्या असतात, लघवीच्या स्ट्रिपचे रंग असतात, ग्रॅमचा जांभळा-गुलाबी असतो. बायोकेमिस्ट्रीत मशीन रंग मोजतं, तिथे फारसं अडत नाही. पण लपवू नका. आधी तपासणी करून किती प्रमाणात आहे ते बघा आणि शिक्षकांना सांगा.

१४. लघवी, शौच, थुंकी... किळस जाते का?

लघवीची जाते. शौचाची बरीचशी जाते. थुंकीची माझी अजून गेली नाही.

१५. लॉगबुक सगळे शेवटच्या आठवड्यात भरतात, मी पण भरू का?

सगळे भरतात हे खरं आहे, आणि परीक्षकाला ते पानं उघडल्या उघडल्या कळतं, एकाच पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात सहा महिने. रोज दोन ओळी लिहा: काय केलं आणि काय बिघडलं. व्हायवाला बिघडलेल्या गोष्टींवर बोलता येतं, "पन्नास सीबीसी केले" यावर काय बोलणार?

१६. पेशंटने किंवा नातेवाईकाने विचारलं "काय आलं हो?" तर?

सांगायचं नाही, नॉर्मल असलं तरी नाही. कारण आज नॉर्मल सांगितलं आणि उद्या दुसऱ्याला "डॉक्टरांना विचारा" म्हटलं की त्याला तिथेच कळतं. चेहराही सांभाळायचा. "रिपोर्ट तयार झाला की डॉक्टर सांगतील" हे एकच वाक्य, रोज, सगळ्यांना, त्याच आवाजात.

१७. रिझल्ट जीवघेणा आला आणि आसपास कोणी नसेल तर स्टुडंटने फोन करायचा का?

आधी हे बघा की तो खरा आहे का, नंबर ६ आणि ११. पण त्यात दहा मिनिटं घालवू नका. स्टुडंटने स्वतःच्या जिवावर रिझल्ट सोडायचा नसतो, जबाबदार माणसाला शोधायचं, जेवायला गेला असेल तर जेवणावरून उठवायचं. त्यांनी तुम्हाला फोन करायला सांगितलं तर पेशंटचं नाव, नंबर, टेस्ट, आकडा सांगायचा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. लोक कंटाळतात, तरी म्हणवून घ्यायचं. मग वेळ आणि ज्याला सांगितलं त्याचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं.

१८. मशीन आणि एआय आलेत, नोकऱ्या राहतील का?

हाताने पेशी मोजायचं काम बरंच गेलंच आहे आणि कोणी रडलं नाही. पण नंबर ६ मधलं माझं ओतकाम मशीनने इमानदारीत मोजलं आणि १४ छापलं. ते अशक्य आहे हे आधी एका माणसाला वाटलं, आता सॉफ्टवेअरही असल्या गोष्टींना झेंडा लावतं, चांगलंच आहे. झेंडा लागल्यावर ट्यूब उचलून बघणारं, वॉर्डला फोन करून "कुठल्या हातातून घेतलं, त्या हाताला सलाईन चालू होती का" विचारणारं कोणीतरी लागतंच. लॅबच्या चुकांमध्ये मोठा वाटा मशीनपर्यंत पोचण्याआधीच्या चुकांचा असतो.

१९. चूक झाली, रिपोर्ट गेला, कोणाच्या लक्षात आलं नाही. सांगू का?

सांगा. रिपोर्ट दुरुस्त करता येतो, तशी पद्धत प्रत्येक लॅबमध्ये असते, पण कळलं तरच. मी एकदा दोन लघवीचे डबे उलटसुलट लावले होते, संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, पुढच्या स्टॉपला उतरून परत आले. सरांनी आधी दोन्ही डॉक्टरांना फोन लावला, दोन्ही रिपोर्ट मागे घेतले, आणि मग मला झापलं. क्रम लक्षात घ्या.

२०. वर्कलिस्टमध्ये ओळखीच्या माणसाचं नाव दिसलं तर?

टेस्ट शक्यतो दुसऱ्याला करायला द्या आणि रिपोर्ट उघडून बघू नका, तुमचं काम नसेल तर तो तुमच्यासाठी बंदच आहे. दिसलाच तर घरी बोलायचं नाही, त्या माणसाशीही नाही, त्याने स्वतः विषय काढेपर्यंत. माझ्या एका मैत्रिणीचं नाव असं आलं होतं. तिने मला सांगितलं ते तीन आठवड्यांनी, आणि मी पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकलं.